टायर घेताना 'किती किलोमीटर चालेल?' एवढंच विचारू नका

परवा गाडीचे चारही टायर बदलले. दुकानदार सांगत होता, हा जास्त चालतो, तो आवाज कमी करतो. विचारलं, ओल्या रस्त्यात लवकर कुठला थांबतो? "साहेब, सगळे सारखेच!"

सारखे कसे? युरोपात नव्या टायरच्या लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची 'ए' ते 'ई' श्रेणी असते. आपल्याकडे किमान पकडीचा नियम आहे, पण कुठला टायर सरस, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. आणि आपण पावसात वरंधा, आंबा घाट उतरतो!

गाडी आरामात चालावी, वळणावर ताब्यात राहावी, सगळं खरं. पण आधी ती थांबली पाहिजे. सरकारने ही श्रेणी लेबलवर सक्तीची करावी. तोवर दुकानात हा प्रश्न विचारत राहा.