गूढ आवाजांच्या शोधाला महागडी यंत्रे नकोत

भुताटकीच्या शोधासाठी चुंबकीय क्षेत्र मोजणारा महागडा मीटर हवाच, हे मागील अंकातील पत्रातले मत पटण्याजोगे नाही. असा मीटर घरातले वायरिंग, पंप आणि मोबाइल यांनाही प्रतिसाद देतो. त्याने भूत सिद्ध होत नाही. नवशिक्याला उपयोगी पडते ते ध्वनिमुद्रण. सुरुवातीला एअरप्लेन मोडवर ठेवलेला मोबाइल पुरेसा असतो.

रेकॉर्डर घ्यायचाच असेल, तर वेव्ह फाइल, आवाजाची पातळी हाताने ठरवण्याची सोय आणि बदलता येणारे सेल एवढे पाहावे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ नोंदीला तासाला सुमारे ६३५ एमबी जागा लागते. पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद ठेवावी. ती शांततेतली खरखर वाढवते आणि मेंदू त्या खरखरीत शब्द शोधतो. दोन यंत्रे दोन ठिकाणी ठेवल्यास आवाज कोणत्या यंत्राच्या जवळ झाला याचा अंदाज येतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत नोंद आधी घुबड, रातवा, कोल्हा आणि सांबर यांच्या आवाजांशी ताडून पाहावी. हा वाघांचा मुलूख आहे. त्यामुळे नोंद घराच्या पडवीतूनच करावी.

गूढ घटनांचा संशय माणसांवर घेतला की काय होते, हे आपण पाहिले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह ग्रामस्थांना बांधून मारहाण झाली. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यामुळे कोणत्याही नोंदीच्या आधारे कुणा माणसाकडे बोट दाखवू नये.

— एक वाचक, चंद्रपूर