विश्लेषण : व्हिडीओ गेम खेळून घाम येतो, पण व्यायाम होतो का?

जिमचे वर्षभराचे पैसे भरायचे, पहिले तीन आठवडे नेमाने जायचे आणि मग पाऊस, ऑफिस, पाहुणे यांपैकी काहीतरी आडवे येऊ द्यायचे, हा प्रकार घरोघरी परिचयाचा आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. घराबाहेर पडायला वेळ, जागा किंवा मोकळीक नसणाऱ्यांना व्यायामाचे व्हिडीओ गेम हा सोपा मार्ग वाटू शकतो. टीव्हीसमोर बैठका मारायच्या आणि पडद्यावरचा राक्षस लोळवायचा! कल्पना आकर्षक आहे; पण कन्सोल, गेम आणि सोबतची साधने यांचा खर्च हजारोंत जातो. तो करण्यापूर्वी या गेममधून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला हवे.

हे गेम आले कुठून?

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रिव्होल्युशन’ हा गेम आणला. पडद्यावर बाण दिसतील तसे पायाखालच्या पट्ट्यांवर पाय टाकायचे, एवढाच खेळ. तो इतका दमवणारा निघाला, की २००६ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांचा लठ्ठपणा कमी करण्यासाठी तो शाळांमध्ये नेण्याचे ठरवले. डिसेंबर २००७ मध्ये निन्टेंडोचा ‘वी फिट’ जपानमध्ये आला. त्यासोबत वजनकाट्यासारखी पाटी मिळत असे. या गेमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. २००९ पासून युबिसॉफ्टच्या ‘जस्ट डान्स’ने घरच्या पार्ट्यांत जागा मिळवली. या मालिकेच्या कामात कंपनीच्या पुणे स्टुडिओचाही वाटा आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ आला आणि काही महिन्यांतच जग घरात बंद झाले. २०२० मध्ये या गेमचा अनेक देशांत तुटवडा होता. पुढे त्याची विक्री दीड कोटींच्या वर गेली.

गेमला आपली हालचाल कळते कशी?

खरेदीपूर्वी सगळ्यात जास्त विचार करावा असा हाच मुद्दा आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच नसतो. गेम माणसाचे शरीर पाहत नाही. तो सेन्सर पाहतो. सेन्सर जेथे असेल, तेवढ्याच भागाची हालचाल त्याला कळते.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे हातात धरायचा रिमोट किंवा फोन. त्यातला एक सेन्सर वेगातला बदल मोजतो, दुसरा फिरण्याचा वेग मोजतो. नाचताना हात उजव्या वेळी उजव्या दिशेने गेला, की गुण मिळतात. पाय हलले की नाही, हे त्याला कळायला मार्गच नसतो. म्हणूनच सोफ्यावर रेलून नुसत्या मनगटाच्या झटक्याने ‘वी’वरची टेनिस जिंकता येत असे. घरातली लहान मुले ही पळवाट पहिल्या दहा मिनिटांत शोधून काढतात.

‘वी फिट’च्या पाटीच्या चार कोपऱ्यांत दाब मोजणारे चार सेन्सर होते. शरीराचा भार कोणत्या बाजूला झुकतो, हे त्यातून कळे. तोल सांभाळण्याच्या व्यायामाला ही पाटी उत्तम. पण तिच्यावरून उतरून धावू लागले की ती निरुपयोगी.

‘रिंग फिट’ने दोन जागा निवडल्या. डाव्या मांडीला पट्ट्याने बांधलेला एक कंट्रोलर आणि हातातल्या लवचीक कड्यात बसवलेला दुसरा. कडे दाबले किंवा ओढले, की त्यातील सेन्सर किती ताण पडला ते मोजतो. मांडीवरचा सेन्सर पाय किती उचलला, बैठक किती खाली गेली, याचा अंदाज घेतो. त्यामुळे येथे फसवणूक अवघड होते. पण अशक्य नाही. पाठीला बाक काढून मारलेली बैठकही गेमला योग्यच वाटते, कारण पाठीवर सेन्सर नाही.

तिसरा प्रकार कॅमेऱ्याचा. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘किनेक्ट’ आणले. त्यातील कॅमेरा अंतरही मोजत असे. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले, पण तीच कल्पना आता फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर आली आहे. गुगलची ‘ब्लेझपोझ’ ही प्रणाली एका चित्रातून शरीरावरचे ३३ बिंदू ओळखते आणि त्यांच्यातले कोन काढून बैठक किंवा जोर मोजता येतात. मात्र एकच कॅमेरा समोर असेल तर गुडघा पुढे किती गेला, हे त्याला नीट दिसत नाही. बैठकांसाठी फोन बाजूला ठेवलेला बरा. पाठीमागे खिडकीचा झगझगीत उजेड असेल किंवा घेरदार कुर्ता, साडी यात गुडघे झाकले असतील, तर मोजणी आणखी चुकते.

मग यात व्यायाम किती?

जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘वी फिट प्लस’ आणि ‘वी स्पोर्ट्स’मधील ६८ प्रकार तपासले. खेळणाऱ्याला बंद खोलीत ठेवून त्याची ऊर्जा मोजण्यात आली. ६८ पैकी ४६ प्रकार हलक्या हालचालीत मोडले, २२ मध्यम व्यायामात. जोरदार म्हणावा असा एकही निघाला नाही. याचा काही खर्च निन्टेंडोनेच उचलला होता, हे लक्षात घेतले तर आकडे अधिकच बोलके वाटतात. त्यानंतरचे गेम अधिक दमवतात. मुष्टियुद्धाचे गेम आणि डोक्याला हेडसेट लावून खेळायचा ‘बीट सेबर’ यांत दम लागतोच. तरीही ‘गेम खेळला म्हणजे व्यायाम झाला’ असे सरसकट म्हणता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरदार व्यायाम करावा. शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला घड्याळ लागत नाही. बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला पाहिजे. गेम खेळताना शेजारी बसलेल्याशी आरामात गप्पा होत असतील, तर ती करमणूक आहे. त्यात वाईट काही नाही, पण ती १५० मिनिटांत धरू नये.

‘रिंग फिट’ या बाबतीत प्रामाणिक आहे. सत्र संपल्यावर तो प्रत्यक्ष हालचालीचा वेळ वेगळा दाखवतो. गोष्ट ऐकण्यात, पर्याय निवडण्यात गेलेला वेळ त्यात धरत नाही. पाऊण तास खेळल्यावर हा आकडा वीस-पंचवीस मिनिटांवर दिसला, तर नवल नाही. बळ वाढवण्याच्या बाबतीत मात्र कड्याला मर्यादा आहे. सुरुवातीला दंड भरून येतात, नंतर स्नायू सरावतात आणि कडे तेवढेच राहते. त्यापुढे संख्या वाढते, वजन वाढत नाही.

खरी अडचण : सहावा आठवडा

‘पोकेमॉन गो’ हा चालायला लावणारा फोनवरचा गेम २०१६ मध्ये आला. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतील तरुणांच्या फोनमधील पावलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गेम घेतल्यावर पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावले वाढली. नंतर वाढ घटत गेली आणि सहाव्या आठवड्यात पावले पूर्वीच्या पातळीवर आली. अमेरिकेतच मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ने छापलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता : हालचालीचे गेम मिळालेल्या मुलांची एकूण शारीरिक हालचाल, बसून खेळायचे गेम मिळालेल्या मुलांपेक्षा जास्त नव्हती. गेम घरात आणून ठेवला आणि ‘खेळा’ म्हटले, एवढ्याने भागले नाही.

म्हणजे गेम सुरुवात करून देतो, टिकवून धरण्याची हमी देत नाही. पण सुरुवात ही लहान गोष्ट नाही. सूर्यनमस्कार फुकट आहेत, त्यांना सेन्सर लागत नाही आणि व्यायाम म्हणून ते यातील अनेक गेमपेक्षा सरस आहेत, असे कोणी म्हणाले तर ते खरेच आहे. मात्र जो माणूस वर्षानुवर्षे सूर्यनमस्कार उद्यावर ढकलत आला आहे, त्याच्यासाठी तुलना गेम आणि सूर्यनमस्कार यांच्यात नसते. ती गेम आणि सोफा यांच्यात असते. जिममध्ये चारचौघांसमोर संकोचणाऱ्यांना, बाळ झोपले की वीस मिनिटे मिळणाऱ्या आईला किंवा रात्रपाळी करणाऱ्यांना पडदा टोमणे मारत नाही, हेही महत्त्वाचे.

पहिल्या सहा आठवड्यांचा उपयोग वेळ पक्की करण्यासाठी करावा. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटे. गेमची गोडी ओसरली तरी त्या वेळी अंग हलवण्याची सवय उरली, की तिथे जोर-बैठका किंवा चालणे घालता येते. जोशात पहिल्याच रविवारी दोन तास खेळणारे बुधवारपर्यंत अंगदुखीने गेम बंद करतात.

घर, शेजारी आणि गुडघे

फ्लॅटमध्ये जागेवर धावणे म्हणजे खालच्या मजल्यावर भूकंप. ‘रिंग फिट’मध्ये यासाठी आवाज न होणारा पर्याय आहे, त्यात धावण्याऐवजी गुडघे किंचित वाकवायचे असतात. हेडसेटच्या गेमना साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. वन-रूम-किचनमध्ये ती दिवाण हलवल्याशिवाय मिळणे कठीण, आणि डोळे झाकलेले असताना टीव्हीवर ठोसा बसण्याचा धोका वेगळाच. लादीवर मोजे घालून उड्या मारू नयेत. मनगटाचा पट्टा अडकवावाच. रिमोट हातातून निसटू लागल्याने डिसेंबर २००६ मध्ये निन्टेंडोला ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले होते.

दुखापतीही खऱ्या असतात. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २९ वर्षांच्या डॉक्टरच्या खांद्याच्या दुखण्याची नोंद छापून आली; कारण होते तासन्‌तास खेळलेली ‘वी’वरची टेनिस. बॅट हलकी असल्याने हात थकल्याचे कळतच नाही. गुडघे दुखत असतील तर गेममधील गुडघ्यांचा भार कमी करणारा पर्याय आधी सुरू करावा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी कडे दाबताना श्वास रोखू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. त्यांनी, तसेच हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

खर्च कधी करावा?

घरात कन्सोल असेल तर प्रश्न फक्त गेमचा आहे. नसेल तर घाई नको. निन्टेंडोची उपकरणे भारतात बहुतांशी आयात करणाऱ्या विक्रेत्यांकडूनच मिळतात. त्यामुळे बिघाड झाल्यास दुरुस्ती कोण करणार, बदलून मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावे. जुना ‘रिंग फिट’ घेताना कडे आणि मांडीचा पट्टा दोन्ही आहेत का, ते पाहावे. नुसत्या गेमच्या कार्डावर तो खेळता येत नाही.

तोवर हातातला फोन पुरेसा आहे. चालता-धावता कानात गोष्ट सांगणारा ‘झॉम्बीज, रन!’ २०१२ पासून आहे. त्याला पडदाही लागत नाही, फोन खिशात चालतो. नाचाचे व्हिडीओ टीव्हीवर लावून सोबत नाचणे हा तर फुकटचा प्रयोग. गुण मिळणार नाहीत, एवढेच. ठरलेल्या वेळी, आठवड्यातून तीनदा, हे महिनाभर जमले आणि तरीही गुणांची ओढ वाटत राहिली, तर कन्सोलच्या दुकानात जायला हरकत नाही.