पिल्लू तुमच्या पोराने मारलेलं नाही

पालकहो, शिक्षकहो आणि घराघरांतल्या आजी-आजोबांनो,

यात्रेतून, आठवडी बाजारातून किंवा नाक्यावरच्या काचबंद दुकानातून हौसेने आणलेला जीव चार दिवसांत गेला, असं एकही घर तुमच्या आळीत नसेल, तर हे पत्रक खुशाल वडापाव बांधायला वापरा. असेल, तर पाच मिनिटं काढून वाचा.

मेलेलं पिल्लू सकाळी खोक्यात सापडतं आणि घरात लगेच न्यायालय भरतं. "सारखं हातात घेत होता ना!" "पाणी कोण पाजत होतं?" "तरी मी सांगत होते, आपल्याला नाही जमायचं." आरोपी सात वर्षांचा आणि साक्षीदार सगळे मोठे. निकाल लागला की कोणीतरी समजूत काढतं, "जाऊ दे रे, वीस रुपयांचं तर होतं." म्हणजे पोराने एक जीव मारला हे आधी ठरवायचं आणि मग त्या जीवाची किंमत वीस रुपये हेही त्यालाच शिकवायचं. आमचं म्हणणं सरळ आहे. यातली बहुतेक मरणं विक्रीच्या आधीच ठरलेली असतात. पोराच्या हातात फक्त शेवटचा दिवस येतो.

ती गुलाबी-हिरवी पिल्लं पाहा. यात्रेत पाळण्यांच्या अलीकडे एक माणूस पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसतो आणि पोरं खोक्याभोवती गोळा होतात. ही पिल्लं येतात कुठून? अंड्यांच्या कोंबड्या तयार करणाऱ्या हॅचरीतून. त्या जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखा मांसही धरत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी माद्या एकीकडे आणि नर दुसरीकडे होतात. धंद्याच्या हिशेबात हा नर कचरा. त्यातला काही माल रंगात बुचकळून किंवा वर फवारा मारून बाजारात उतरतो. टाकून द्यायच्या पिल्लावर लशीचा खर्च कोण करणार?

आता शरीराचा हिशेब. अंड्यातून बाहेर पडायच्या आधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं. त्या शिदोरीवर ते साधारण दोन-तीन दिवस दाणा-पाण्यावाचून तग धरतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून लांबलांब पाठवता येतात. खोक्यात ती तुरुतुरु पळत असतात ती याच शिदोरीच्या जोरावर. हॅचरी, गाडी, ठोक व्यापारी, यात्रा असा प्रवास होऊन पिल्लू तुमच्या घरी पोचतं, तेव्हा ती संपत आलेली असते. शिवाय पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी ती कमी केली तरी चालते. कुक्कुटपालन करणारा कोणीही हे झोपेत सांगेल. त्याच्याकडे बल्ब लावलेलं ब्रूडर असतं आणि खाली भाताचं तूस पसरलेलं असतं. आपल्याकडे यात्रांचा मोसम पौष-माघात सुरू होतो, देशावर रात्री स्वेटर लागतो, आणि रंगाने भिजलेलं पिल्लू बुटाच्या खोक्यात जुन्या बनियनवर झोपतं. पहाटे ते गार पडलेलं असतं. यात पोराचा गुन्हा कोणता?

माशाची गोष्ट याहून लबाड आहे, कारण तिथे मरण पाण्यात विरघळलेलं असतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. वाढदिवसाला काचेचा वाडगा, मूठभर रंगीत खडे आणि दोन गोल्डफिश असा संच एकाच संध्याकाळी विकला जातो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. जुन्या, मुरलेल्या टाकीत काही जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे टाकी आज आणि मासे महिन्या-दीड महिन्याने, हा खरा क्रम. पण असं सांगितलं तर आजचा गल्ला बुडतो. म्हणून मासा त्याच संध्याकाळी पिशवीतून वाडग्यात जातो आणि स्वतःच्याच विषात पोहायला लागतो. तिसऱ्या दिवशी तो वर येऊन तोंडाची उघडझाप करतो आणि आपण कौतुकाने म्हणतो, "बघ, तुला ओळखतोय." तो गुदमरत असतो. फोन केला तर दुकानदार सांगतो, "पाणी रोज बदला." मग नळाचं क्लोरीनवालं पाणी थेट वाडग्यात ओतलं जातं आणि उरलंसुरलं काम ते पाणी करतं. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं जगतो आणि वीतभर वाढतो, हे त्या संचाच्या खोक्यावर छापलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

हॅमस्टरचं थोडक्यात सांगतो. आईपासून लवकर तोडलं, प्रवास घडवला, दहा जणांच्या पिंजऱ्यात कोंबलं की त्याला जुलाब लागतात, शेपटीकडचा भाग ओला दिसतो आणि दोन-तीन दिवसांत आटोपतं. बजरीगर किंवा लव्हबर्ड आजारी असला तरी अंग सावरून बसतो, कारण रानात अशक्त दिसलेला पक्षी आधी मारला जातो. तो पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. "काल तर छान ओरडत होता!" हो, ओरडत असेल.

तक्रार घेऊन गेलात की पाठ केलेलं उत्तर मिळतं. "आमच्याकडे असताना टुणटुणीत होता. तुम्ही जास्त खायला घातलं असेल." आणि पाटीकडे बोट: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही पाटी म्हणजे कायदा नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिवाला माल म्हणायला आमचीही जीभ रेटत नाही. पण दुकानदार तेच म्हणतो आहे, तर त्याच्याशी त्याच हिशेबाने बोलावं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. वीस रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही, हे त्यालाही पक्कं ठाऊक आहे. पण पंधराशेच्या पक्ष्यांच्या जोडीसाठी, तीन हजारांच्या टाकीसाठी जरूर जा.

प्राण्यांसाठीही कायदे आहेत. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असल्याशिवाय पाळीव प्राणी-पक्ष्यांचं दुकान चालवता येत नाही. तुमच्या नाक्यावरच्या दुकानात ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे का? विचारून पाहा. विचारायला पैसे पडत नाहीत. माशांच्या दुकानांसाठी २०१७ साली वेगळे नियम निघाले होते; ते मागे घेतले गेले. आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तीन रंगीत पिल्लं विकली की दंड वसूल.

आता थोडं आपल्याबद्दल. टाकीतला मासा मेला की आपल्याकडे हमखास म्हटलं जातं, "घरावरचं संकट होतं, त्याने अंगावर घेतलं." पाठोपाठ सल्ला येतो की उद्याच त्याच रंगाचा दुसरा आणून सोडा, आठ सोनेरी आणि एक काळा हा आकडा मोडू देऊ नका. आजी, तुमच्या भावनेला आम्ही हसत नाही. मेलेल्याबद्दल कृतज्ञ राहावं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या श्रद्धेत मेलेला प्रत्येक मासा शुभ ठरतो आणि प्रत्येक मरणानंतर दुकानाची पायरी चढावी लागते, तिचा फायदा कोणाला होतो? संकट आलं होतं ते माशावर, आणि ते आपणच वाडग्यात भरून घरी आणलं होतं. त्याच पाण्यात सोडलेला दुसराही त्याच वाटेने जातो.

दुसरा जीव लगोलग आणू नका, असं सांगायचं आणखी एक कारण म्हणजे ते पोर. काही आई-बाबा मूल झोपेत असताना मेलेला मासा काढून तसाच दिसणारा टाकतात. काही सांगतात की पिल्लू मामाच्या शेतावर सोडून आलो. मूल सुट्टीत मामाकडे जातं आणि पिल्लू शोधतं. त्यापेक्षा "मेलं" असं स्पष्ट सांगा. का मेलं हेही सांगा: ते इथे आलं तेव्हाच अशक्त होतं, त्याला हवी तेवढी ऊब आपल्याकडे नव्हती, तू त्याला छळलं नाहीस. पोर रडेल. रडू द्या. दोन दिवस जेवणावर लक्ष नसेल, शाळेत कोणी चिडवेल, रात्री "आपण पण मरणार का?" असं विचारेल. उत्तर द्या. "कोंबडीसाठी काय रडतोस, परवा तर चिकन खाल्लंस," हा विनोद घरातल्या मोठ्यांनी आवरावा. त्यात तर्क असेलही, पण ती वेळ तर्काची नाही. आणि मोठ्यांनाही वाईट वाटतं. पहाटे उठून त्या खोक्यावर टेबललॅम्प धरून बसलेले वडील आम्ही पाहिले आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही.

मेलेला जीव संडासात किंवा नाल्यात टाकू नका. अंगणात, नाहीतर मोठ्या कुंडीत खोल पुरा, मांजर उकरणार नाही इतका खोल, आणि हे काम मुलाबरोबर करा. हात साबणाने धुवा. पिल्लांच्या आणि कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. एकामागून एक पक्षी मरत असतील तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नवापुरात सापडला होता. मरणाचं कारण हवं असेल, दुकानदाराशी भांडायचं असेल, तर मृतदेह पिशवीत बांधून, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि लवकरात लवकर पशुवैद्याकडे न्या. बर्फात गोठवू नका, तपासणी नीट होत नाही.

यात्रेत कोणाला बसू द्यायचं हे यात्रा कमिटी ठरवते, पावती तीच फाडते. रंगीत पिल्लांच्या खोक्याला जागा नाही, एवढा एक ठराव ग्रामपंचायत आणि कमिटीने करावा, ही आमची मागणी आहे. शाळांनी आनंदमेळ्यात रिंग फेकून मासा जिंकण्याचा खेळ बंद करावा. सोसायट्यांनी वाढदिवसाच्या परतभेटीत पिशवीतला मासा वाटू देऊ नये. हे चालत आलंय, असं कोणी म्हणालं तर त्या घरी किती पिल्लं जगली, एवढंच विचारा.

चैत्रातल्या यात्रेची बैठक साधारण महिनाभर आधी होते. हे पत्रक तिथे घेऊन जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. झेरॉक्स काढायला आमची पूर्ण परवानगी आहे.

आपले,
काही पालक