दोन महासत्ता आणि एक स्वयंपाकघर



मुंबईच्या गिरणी कामगाराचं घर म्हणून कुणी ताजमहाल दाखवला तर आपण काय म्हणू? १९५९ साली सोव्हिएत पत्रकारांनी नेमकी हीच उपमा वापरली होती. निमित्त होतं मॉस्कोच्या सोकोल्निकी पार्कात भरलेल्या अमेरिकन राष्ट्रीय प्रदर्शनाचं. तिथे अमेरिकेने एक अख्खं घर उभं केलं होतं. किंमत १४ हजार डॉलर, आणि पोलाद कारखान्यातला आमचा साधा कामगारसुद्धा असं घर घेऊ शकतो, हा दावा. सोव्हिएत पत्रकारांना तो पटेना, म्हणून ताजमहाल.

२४ जुलैला अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव या घराच्या स्वयंपाकघरापाशी उभे राहून भांडले. इतिहासात हे भांडण ‘किचन डिबेट’ म्हणून प्रसिद्ध आहे. पदरी अणुबॉम्ब असलेले दोन पुढारी कपडे धुण्याच्या यंत्रावरून हुज्जत घालतात, हे वाचताना हसू येतं. निक्सनचं म्हणणं, ही यंत्रं आमच्या गृहिणींचे कष्ट वाचवतात. ख्रुश्चेवचं म्हणणं, बायकांकडे बघण्याची ही भांडवली दृष्टी आमच्याकडे नाही. त्यावर निक्सन म्हणाला, बायकांकडे बघण्याची ही दृष्टी जगात सगळीकडे सारखीच आहे. त्या दिवशीच्या एवढ्या बडबडीत मला हे एकच वाक्य खरं वाटतं. अर्थात त्याच्या मनात होतं त्या अर्थाने नाही! त्या ओट्यापाशी उभं कोण राहणार, हे दोघांनीही गृहीतच धरलं होतं.

आमच्या अभ्यासवर्गात अजूनही कुणीतरी विचारतं, शीतयुद्धात बायकांच्या बाजूचं कोण होतं? डाव्या घरातून आलेल्या मैत्रिणी एक यादी सांगतात, दुसऱ्या मैत्रिणी दुसरी. दोन्ही याद्या खोट्या नाहीत. पण त्या अर्ध्यावर थांबतात.

सोव्हिएत यादी घ्या. गर्भपाताला कायदेशीर मान्यता देणारा हा पहिला देश, साल १९२०. मग १९३६ मध्ये बंदी आली, कारण राज्याला माणसं हवी होती. १९५५ मध्ये बंदी उठली. १९६३ च्या जूनमध्ये व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात गेली आणि जगभर तिचे फोटो झळकले. दुसऱ्या सोव्हिएत बाईला वर जायला १९८२ साल उजाडावं लागलं. (अमेरिकेत तर १९६२ मध्येच वैमानिक स्त्रियांनी संसदीय समितीपुढे जाऊन आम्हालाही घ्या असं सांगितलं होतं. त्यांची पहिली बाई गेली १९८३ मध्ये.) कारखान्यात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत सोव्हिएत बायका लाखोंनी होत्या, हे खरंच. पण संध्याकाळी रांगेत पिशवी घेऊन त्याच उभ्या असत. नाताल्या बारान्स्कायाची १९६९ मध्ये ‘नोवी मीर’ मासिकात आलेली दीर्घकथा हेच सांगते: दोन मुलांची आई असलेली एक तरुण शास्त्रज्ञ, तिचा एक आठवडा, आणि त्या आठवड्यात तिच्या वाट्याला न आलेला निवांतपणा. दुहेरी ओझं हा शब्द आपण शिबिरात वापरतो, त्याचं इतकं नेमकं चित्र मी क्वचितच वाचलं आहे.

आता अमेरिकन यादी. तोच निक्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. १९७१ मध्ये देशभर पाळणाघरं आणि बालसंगोपनाची सोय करणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर करून त्याच्याकडे पाठवलं. डिसेंबरात त्याने नकाराधिकार वापरला. कारणं बरीच दिली, त्यातलं एक असं की सरकारने कुटुंबाऐवजी सामुदायिक पद्धतीने मुलं वाढवण्याच्या बाजूने उभं राहता कामा नये. म्हणजे मूल पाळणाघरात ठेवलं की त्याला साम्यवादाचा वास! बारा वर्षांपूर्वी बायकांचे कष्ट वाचवणारं यंत्र अभिमानाने दाखवणाऱ्या माणसाला कष्ट वाचवणारी सार्वजनिक सोय मात्र चालली नाही. यंत्र विकत घेता येतं आणि घरातच राहतं. पाळणाघर बाईला घराबाहेर काढतं.

या चढाओढीतून बायकांना काहीच मिळालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. मिळालं, आणि त्यात आपलाही वाटा आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष व्हावं, ही कल्पना संयुक्त राष्ट्रांत पुढे रेटणाऱ्यांत साम्यवादी गटाकडे झुकलेला आंतरराष्ट्रीय लोकशाही महिला महासंघ होता. १९४५ मध्ये पॅरिसला स्थापन झालेला, पुढे पूर्व बर्लिनला हलवावा लागलेला, आणि शीतयुद्धाच्या तणातणीत संयुक्त राष्ट्रांतलं सल्लागाराचं स्थान काही वर्षं गमावलेला. त्या वर्षी ऑक्टोबरात पूर्व बर्लिनला महिला परिषद भरायची होती. सगळं मैदान त्यांना मोकळं सोडायचं नाही हा हिशेब पलीकडच्या गोटातही होता. जून-जुलैत मेक्सिकोला परिषद झाली. दोन हत्तींच्या झुंजीत गवत तुडवलं जातं म्हणतात, पण कधीकधी कुंपणही मोडतं, आणि शेजारची गाय आत शिरते.

महाराष्ट्रात आपण अशाच शिरलो. ८ मार्च १९७५ इथे ठिकठिकाणी साजरा झाला आणि त्या ऑक्टोबरात पुण्यात स्त्रीमुक्तीच्या प्रश्नावर परिषद भरली, तीही आणीबाणीत. त्याआधी, १९७२ पासून, महागाईविरोधात समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एकत्र लढत होत्या. त्यांच्या पक्षांचं जगाच्या राजकारणाबद्दल एकमत नव्हतं. तेल, रॉकेल आणि साखरेबद्दल होतं. त्यांचंही हत्यार स्वयंपाकघरातलंच, लाटणं. पण ते रस्त्यावर आणलेलं.

मग १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. पूर्व जर्मनीत तीन वर्षांखालच्या बहुतेक मुलांना पाळणाघरात जागा होती आणि १९७२ पासून पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपाताचा निर्णय बाईचा होता. एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, नोकऱ्या गेल्या, त्यात बायका पुढे. पाळणाघरंही मोठ्या संख्येने बंद झाली. गर्भपातावर १९९३ मध्ये घटना न्यायालयाचा निकाल आला आणि १९९५ मध्ये तडजोडीचा कायदा: आधी सक्तीचं समुपदेशन, मग शिक्षा नाही, पण कृत्य बेकायदेशीरच. पोलंडने १९९३ मध्ये गर्भपातावर कडक निर्बंध घातले. त्याच वर्षी रशियाच्या कामगारमंत्र्याने विचारलं, पुरुष बेकार असताना बायकांना कामं कशाला द्यायची?

या सोयी वाचवायला कुणी उभं राहिलं नाही का? राहिलं. डिसेंबर १९८९ मध्ये पूर्व जर्मनीत स्वतंत्र महिला संघ स्थापन झाला. १९९० च्या मार्चमधली निवडणूक त्यांनी हरित पक्षाशी युती करून लढवली. युतीला ८ जागा मिळाल्या, महिला संघाला त्यातली एकही नाही. मला यात नुसता मित्रपक्षाचा दगा दिसत नाही. चाळीस वर्षं तिथल्या बायकांसाठी एकच अधिकृत संघटना होती आणि ती पक्षाची होती. खुद्द रशियात पक्षाचा महिला विभाग १९३० मध्येच बंद झाला होता, स्त्रीप्रश्न सुटला असं सांगून. सोयी होत्या, पण त्या मागायची, राखायची, त्यासाठी भांडायची सवय मोडून टाकलेली होती. तीन महिन्यांत ती कशी अंगवळणी पडणार?

आज नवी चढाओढ अमेरिका आणि चीनमध्ये आहे. बायकांचा हक्क आमच्याकडे किती, हे सांगण्याची दोघांनाही हौस. अमेरिकेने १९८० मध्ये स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण संसदेची संमती अजूनही दिलेली नाही. २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं जवळपास पन्नास वर्षांचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं. चीनने तो करार केव्हाच मान्य केला आहे, १९९५ ची महिला परिषदही बीजिंगलाच झाली. वीस वर्षांनी, २०१५ च्या ८ मार्चच्या तोंडावर, तिथे पाच तरुण कार्यकर्त्यांना पकडलं. बस आणि रेल्वेतल्या छेडछाडीविरुद्ध स्टिकर वाटायचं त्यांनी ठरवलं होतं. ३७ दिवस त्या कोठडीत होत्या.

पुढच्या अंकात आपण पाळणाघरांवर लिहिणार आहोत. तुमच्या गावातलं, वस्तीतलं, कारखान्यातलं पाळणाघर कुणी मागितलं होतं, कधी सुरू झालं, आणि बंद पडलं असेल तर कुणी विरोध केला, हे कळवा. चार ओळींचं पोस्टकार्डही चालेल.