रक्तात नसतं हो, घरात असतं!

आमचं हापिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला. काचेच्या इमारती, मधोमध रेल्वे स्टेशन, एक लोहमार्ग वरून तर दुसरा खालून. बहुतेक लोक इथे फक्त गाडी बदलायला उतरतात. परवा संध्याकाळी फलाटावर एक मराठी सहकारी भेटला. माझ्या कानात 'बीट्स ब्रदर्स' वाजत होते. "काय रे ऐकतोयस?" मी म्हटलं, "जाझ. तिघं सख्खे भाऊ आहेत." लगेच निकाल आला, "मग काय, रक्तातच असणार!" त्याची गाडी आली, तो गेला. माझं डोकं मात्र तापलं ते तापलंच.

मंडळी, हे 'रक्तातच असतं' म्हणजे आपल्या समाजाची एक नंबरची पळवाट आहे.

पियानोवर पीटर, बासवर मारियस, टेनर सॅक्सोफोनवर अलेक्झांडर. हे बीट्स बंधू वाढले जर्मन सरहद्दीजवळच्या एका छोट्या गावात. वडील स्त्रीरोगतज्ज्ञ! पण त्यांना ऑस्कर पीटरसन आणि आर्ट ब्लेकी यांचं वेड. आई संगीत शिक्षिका. म्हणजे घरात तबकड्या होत्या, शिकवणारं माणूस होतं आणि वाजवायला सोबती होते. आता यात रक्ताचा वाटा किती आणि घराचा किती, ते तुम्हीच ठरवा.

जरा यंत्रणा समजून घेऊ (इंजिनिअरची खोड, दुसरं काय). जाझमध्ये बासवाला साधारणपणे प्रत्येक मात्रेला एक खालचा स्वर देत चालत असतो. पियानोवाल्याच्या डाव्या हाताने त्याच पट्टीत गर्दी केली की सगळा चिखल. कुठे गप्प बसायचं, हे पियानोवाल्याला कळावं लागतं. पिम आणि रूड याकोब्स हे हिल्वरसमचे दोन भाऊ घ्या. पिम पियानोवर, रूड बासवर. विम ओव्हरगाऊच्या गिटारसह त्यांचं जे त्रिकूट गाजलं त्यात ड्रम नव्हतेच. ठेका तिघांनीच सांभाळायचा, चुकलं तर झाकायला कुणी नाही. ही समज येते हजारो संध्याकाळ शेजारी बसून. भावंडांना त्या फुकट मिळतात. रचना करतानाही तेच. मारियसने भावांच्या बँडसाठी कितीतरी रचना केल्या. कोण कुठे घाई करतो, कोण कुठे रेंगाळतो, हे लिहिणाऱ्याला आधीच पाठ!

आपल्याकडेही वेगळं नाही. मंगेशकर भावंडांना आपण 'दैवी' म्हणून देव्हाऱ्यात बसवलं आणि मोकळे झालो. मास्टर दीनानाथ घरात शिकवत होते. 1942 साली ते गेल्यावर बारा-तेरा वर्षांच्या लताबाईंना कामाला उभं राहावं लागलं. पुढे हृदयनाथांनी चाली बांधल्या आणि बहिणी गायल्या. यात शिकवणी दिसते, गरज दिसते, सोबत दिसते. आणि ज्यांना अजूनही रक्तच हवंय त्यांनी अजय-अतुलकडे पाहावं. वडील महसूल खात्यात, घरात संगीताची परंपरा नाही. रक्त शोधायचं कुठे, सातबाऱ्यावर?

"पण सगळ्यांनी कलाकार व्हायचं का? पोट कसं भरायचं?" हा प्रश्न येणारच. तर रूड याकोब्स पुढे रेकॉर्ड निर्माता झाला, मारियस ध्वनिमुद्रणही करतो. कान तयार असला की तो असा कामी येतो. आणि कलाकार नाही झालं तरी बिघडतं काय? हॉलंड म्हणजे काही स्वर्ग आहे असंही नाही. 2011 साली इथल्या सरकारने संस्कृतीच्या खर्चात वीस कोटी युरोची कपात जाहीर केली तेव्हा ओरड झाली होती. पण निदान ओरड झाली! आपल्याकडे ही कपात घरोघरी होते, दहावीच्या वर्षी, आणि कुणी हूं की चूं करत नाही.

आमच्याच घरातलं सांगतो. मी तबला, धाकटा भाऊ पेटी. रोज संध्याकाळी भांडत भांडत वाजवायचो. माझी दहावी आली, तबला माळ्यावर गेला. "दादा वाजवत नाही, तू एकटा काय करणार?" म्हणून दोन वर्षांनी पेटीही गेली. दुष्ट कुणीच नव्हतं हो, सगळे आमच्या भल्यासाठीच. गेल्या खेपेला नाशिकला गेलो तेव्हा दोन्ही खाली काढलं, धूळ पुसली, बसलो. मला लय धरता येईना, त्याला सूर सापडेना. पाच मिनिटांत दोघंही हसत उठलो. चहा घेतला. रक्त तर तेच होतं की!

आता त्याच्या दोन मुली आहेत. थोरली गाते, धाकटी पेटीवर साथ करते. थोरली यंदा नववीत. "जूनपासून क्लास बंद करतोय, दहावी ना," असं तो फोनवर सहज बोलून गेला. मी एरवी घरच्यांशी वाद घालत नाही, त्या दिवशी घातला. क्लास सोड हवं तर, पण आठवड्याला दोन तास दोघींना एकत्र बसू दे, एवढंच मागितलं.

त्याने अजून हो म्हटलेलं नाही. असो. जूनला अजून अवकाश आहे, मी पुन्हा फोन करणार आहे.