मूळघराचा उतारा आणि नव्या घराची गुंतवणूक

भाद्रपदाची चाहूल लागताच रत्नागिरी जिल्ह्यातील वर्षभर कुलूपबंद असलेल्या घरांची दारे उघडतात. मुंबई-पुण्याचे चाकरमानी मूळघरी येतात, मखर सजते, आरत्यांचा गजर होतो, आणि रात्री पडवीत गप्पांचा फड रंगला की अलीकडे एक विषय हटकून निघतो. कोणी शहरात फ्लॅट घेतला, कोणी महामार्गालगत प्लॉट घेतला. मग आपणही चार पैसे कोठे गुंतवावेत? घर हे कोकणी माणसाला आजवर राहावयाचे ठिकाण होते. आता ते गुंतवणुकीचे साधनही होऊ पाहत आहे. या बदलाचा विचार उत्सवाच्या निमित्ताने थोडा शांतपणे होणे अगत्याचे आहे.

रत्नागिरीत घरांना मागणी आहे, यात शंका नाही. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचे अंतर एका रात्रीचे झाले. जिल्ह्याची कचेरी व न्यायालये येथे आहेत. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाच्या जोडीला गेल्या काही वर्षांत शासकीय अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये आली. मिरजोळ्याची औद्योगिक वसाहत आणि जयगडचे बंदर आहे. बदलीवर येणारा कर्मचारी, डॉक्टर, विद्यार्थी यांना भाड्याची जागा लागते. नव्याने गुंतवणूक करणाऱ्याने प्रथम या भाडेकरूच्या पावलांनी शहर पाहावे. नाचणे, कुवारबाव वा खेडशी येथील साधी, पाण्याची सोय असलेली दोन खोल्यांची जागा वर्षभर भरलेली राहू शकते. समुद्र दिसणारी परंतु अकरा महिने बंद राहणारी जागा मालकाला अभिमान देईल, उत्पन्न देईलच असे नाही.

या जिल्ह्याला वावड्यांचा अनुभव नवा नाही. १९९० च्या दशकात गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प उभा राहिला तेव्हा आता परिसराचे सोने होणार, अशी भाषा होती. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्यावर बांधलेले मनोरेही कोसळले. पुढे तो नव्या व्यवस्थेखाली सुरू झाला, परंतु मधली वर्षे परत आली नाहीत. राजापूर तालुक्यातील नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये मागे घेतली गेली. महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या मुदती तर कितीदा पुढे गेल्या! येऊ घातलेल्या प्रकल्पाच्या नावावर आज जादा किंमत मोजणे म्हणजे उंबर फुलण्याची वाट पाहणे होय.

भावनेपेक्षा हिशेब बरा. समजा, एखादी सदनिका चाळीस लाखांना घेतली आणि तिचे भाडे महिना दहा हजार आले. वर्षाचे एक लाख वीस हजार, म्हणजे शेकडा तीन. त्यातून घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, एखादा रिकामा महिना आणि कोकणच्या पावसाने भिंतींवर चढविलेल्या शेवाळाचा खर्च वजा करावा. रक्कम कर्जाऊ असेल तर बँकेचे व्याज या भाड्यातून फिटत नाही, हे उघड आहे. अशी खरेदी किंमत वाढण्याच्या आशेवर उभी असते. म्हणून आपल्या मिळकतीतून हप्ता निर्वेधपणे देता येईल, एवढीच उडी घ्यावी.

यानंतर येतात कागद. महाराष्ट्रात २०१७ पासून स्थावर संपदा कायदा अमलात आहे. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. नोंदणीकृत करारनाम्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. प्लॉटच्या बाबतीत अधिक सावध राहावे. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सर्वसाधारणपणे परवानगीवाचून घेता येत नाही. तेव्हा त्या जागेचा निवासी वापर कायदेशीर आहे काय आणि तेथे जाणारी वाट कागदावर आहे काय, हे आधी पाहावे. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना वाचल्यावाचून इसार देऊ नये. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९५७ च्या कृषिदिनाने कुळे मालक झाली. त्या घडामोडींच्या खुणा कोकणातील फेरफारांत आजही सापडतात. तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेण्यास जो खर्च येतो, तो पुढील दाव्याच्या मानाने क्षुल्लकच असतो.

परंतु सर्वांत जवळची संधी अनेकांच्या पाठीशीच उभी असते, आणि ती म्हणजे आपले मूळघर. जांभ्या दगडाचे भक्कम घर, परसात विहीर, चार माड. आणि उताऱ्यावर आजोबांचे नाव. वारसनोंद नाही, वाटप नाही, म्हणून दुरुस्तीला कर्ज मिळत नाही आणि स्वतःच्या खिशातून खर्च करावा तर मन होत नाही. दर पावसाळ्यात कौले सरकतात, वाश्यांना वाळवी लागते, आणि अखेरीस एक दिवस थकलेले सहहिस्सेदार ते मिळेल त्या भावाने परक्याला देऊन टाकतात. असे घर नावावर लागून डागडुजी झाली, तर निवास व न्याहारी योजनेसारखी वाट त्याला खुली होते. नव्या सदनिकेच्या मानाने अल्प भांडवलात उत्पन्न उभे राहते, आणि गणपतीची जागाही राहते.

हे घडण्यास सर्व हिस्सेदार एकत्र बसणे लागते, आणि ते वर्षातून एकदाच, या दिवसांत एका छपराखाली असतात. गौरी-आवाहनाला माहेरवाशिणी येतात. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. तेव्हा तिला केवळ ओटी भरून निरोप न देता बैठकीत मानाने बसवावे. हक्कसोड हवी असेल तर ती खुशीने व नोंदणीकृत दस्ताने घ्यावी. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, मोजणी, वाटपपत्र, ही कामे विसर्जनानंतर मुंबईची गाडी धरण्यापूर्वी निदान सुरू करून द्यावीत.

कार्यारंभी गणेशाचे स्मरण करावयाचे ते विघ्ने टळावीत म्हणून. घराच्या व्यवहारातील बहुतेक विघ्ने अस्पष्ट उताऱ्यात आणि न बोललेल्या भाऊबंदकीत दडलेली असतात. ती दूर करून मग नव्या घराकडे वळणाऱ्याचा पाया पक्का राहील; आणि पुढल्या भाद्रपदात ते कुलूप निघेल तेव्हा आत वारस असतील, केवळ दावेदार नसतील.