प्रार्थना केलीस, मग मिळाले काय?

परीक्षा जवळ आल्या की आपल्या महाविद्यालयात देवाधर्माला भरती येते. कुणी मारुतीला नारळ बोलतो, कुणी उपास धरतो, आणि आम्ही ख्रिस्ती विद्यार्थी गुडघे टेकतो. निकाल लागल्यावर मैत्रिणी मला विचारतात, "एवढी प्रार्थना करतेस, मग मिळाले काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटते.

या प्रश्नामागे एक समजूत आहे. प्रार्थना म्हणजे अर्ज, आणि देव म्हणजे तो मंजूर किंवा नामंजूर करणारा साहेब! खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळ श्रद्धाळूंचीही समजूत हीच असते. माझे वडील शेवटच्या दुखण्यात असताना आमच्या घरी रोज प्रार्थना होई. ते गेले. त्यानंतर भेटीला आलेले एक गृहस्थ आईला म्हणाले, "विश्वास कमी पडला असेल." दुःखात असलेल्या माणसाला याहून कठोर शब्द कोणते असू शकतील?

शिवाय हे बोलणे ख्रिस्ती श्रद्धेलाच धरून नाही. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार त्याने ती तीनदा केली. प्याला टळला नाही. मग येशूचाही विश्वास कमी पडला म्हणायचे काय? त्याच प्रार्थनेत त्याने स्वतःची इच्छा पित्याच्या स्वाधीन केली, आणि नंतर तो उठून संकटाला सामोरा गेला. मागितले ते मिळाले नाही. पण उठून उभे राहण्याचे बळ मिळाले.

येशूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना पाहा. तीत 'मी' आणि 'माझे' नाहीच. सारे 'आम्ही' आणि 'आमचे'. भाकर मागायची ती आजच्यापुरती आणि सर्वांसाठी. क्षमा मागायची ती इतरांना क्षमा करीत. म्हणजे ही प्रार्थना मनापासून म्हणणारा स्वतःलाच बांधून घेतो. 'आमची' भाकर मागून उठल्यावर शेजारच्या उपाशी घराकडे पाठ कशी फिरवायची?

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्रात याचा पुरावा सापडतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या केवळ प्रार्थना करीत बसल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली आणि विधवा यांना आणले आणि केडगावच्या 'मुक्ती'त आसरा दिला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. प्रार्थनेत आयुष्य घालविलेल्या या बाईच्या वाट्यालाही एवढे दुःख आले. पण त्यांची प्रार्थना थांबली नाही आणि कामही थांबले नाही.

यावर कुणी म्हणेल, अशी कामे प्रार्थनेवाचूनही होतात. होतात, आणि ती करणाऱ्या नास्तिकांपुढे मी आदराने मान लवविते. प्रार्थना न करणारा माणूस हलका, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मी इतकेच म्हणते की, खोलीचे दार लावून देवापुढे बसले की सोंग फार वेळ टिकत नाही. ज्याच्याविषयी मनात अढी आहे त्याचे नाव तिथे हमखास आठवते. त्या गृहस्थांचे नाव मला बरेच दिवस आठवत असे. त्यांच्यासाठी प्रार्थना करणे सोपे गेले नाही; परंतु आता ते रस्त्यात भेटले तर मी तोंड चुकवीत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, परीक्षेतले गुण अभ्यासाने मिळतात, आणि ते तसेच मिळावेत. प्रार्थनेने मला काय मिळाले, ते गुणपत्रिकेत दिसणार नाही. माझ्या वागण्यात ते दिसत नसेल, तर मात्र मला पुन्हा खुशाल विचारा.